हा क्रायसोपा खरोखर नवा आहे का? जाळीपंखी कीटकांची नवी जाती ओळखण्याची आणि मांडण्याची रीत

काटोल-नरखेडच्या संत्राबागेत सिट्रस सायला ही कीड वाढली की नव्या पालवीवर केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली अंडी दिसू लागतात. पऱ्हाटीवर मावा आला की तिथेही तीच अंडी. शेतकरी या किड्याला क्रायसोपा म्हणतो, मित्रकीटक म्हणून त्याला जपतो, आणि त्याचे काम तेवढ्यावर भागते. जो त्याचे शास्त्रीय नाव लिहिणार आहे त्याचे मात्र भागत नाही, कारण एकाच बागेत दिव्यावर आलेले हिरवे किडे दोन-तीन वेगळ्या प्रजातींचे निघू शकतात आणि नुसत्या डोळ्यांना ते सगळे सारखेच दिसतात. (या लेखात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस.)

नाव चुकले तर काय होते याचे उदाहरण आपल्या कपाशीतच आहे. भारतातल्या शेतांमधला सर्वांत नेहमीचा क्रायसोपा वर्षानुवर्षे ‘क्रायसोपर्ला कार्निया’ या नावाने छापला गेला. संगोपनाच्या नोंदी, कीटकनाशकांच्या चाचण्या, सगळे त्याच नावाखाली. तो कार्निया नसून ‘क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी’ आहे हे २०१० साली स्पष्ट झाले. पंखांवरून ते कळले नसते. हे किडे जोडीदाराशी बोलताना पोट थरथरवतात आणि ती कंपने पानातून पोचतात. कंपनांची ती लय मोजली तेव्हा गुंता सुटला.

या गटात नवी जाती सापडणे अशक्य नाही. पण नवी वाटलेली जाती शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी नाव देऊन ठेवलेली निघणे हे त्याहून कितीतरी नेहमीचे आहे. म्हणून खाली वर्णन लिहिण्यापेक्षा जुने नाव शोधण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी कूळ पक्के करा

जाळीपंखी म्हणजे न्यूरॉप्टेरा गण. हिरवा, सोनेरी डोळ्यांचा, पंख छपरासारखे मिटणारा किडा बहुधा क्रायसोपिडी कुळातला असतो. तपकिरी आणि लहान असेल तर हेमेरोबिडी कुळाचा संशय घ्या आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळच्या आडव्या शिरा पाहा. हेमेरोबिडीमध्ये त्यांतल्या बऱ्याचशा शिरांना फाटे फुटतात, क्रायसोपिडीमध्ये त्या सरळ, बिनफाट्याच्या असतात. रंगावर जाऊ नका, तपकिरी क्रायसोपिडही असतात. दोन-तीन मिलिमीटरचा, अंगावर पांढरी मेणचट भुकटी असलेला किडा पांढरी माशी समजून फेकून दिला जातो. तो कोनिओप्टेरिजिडी असू शकतो. पांढऱ्या माशीला चोचीसारखी सोंड असते, याला चावणारे जबडे असतात. दहापट भिंगातून फरक दिसतो.

चतुरासारखा दिसणारा पण टोकाशी जाडसर, आखूड मिशांचा किडा म्हणजे अँटलायन. नागपुरात फुटाळ्याच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या आडोशाच्या कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्यांची वाट पाहणारी अळी त्याच कुळातली. अशाच अंगाचा पण लांब मिशांच्या टोकाला गुंडी असलेला तो आउलफ्लाय, ज्याला २०१९पासून बरेच अभ्यासक अँटलायनच्याच कुळात धरतात. पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे असतील तर मॅन्टिस्पिडी. पुढचे सगळे क्रायसोपिडीला धरून लिहिले आहे, इतर कुळांना पद्धत तीच लागू पडते, फक्त पाहायचे अवयव बदलतात. अँटलायनमध्ये, उदाहरणार्थ, नडगीच्या टोकाचे काटे पायाच्या कितव्या खंडापर्यंत पोचतात हे मोजावेच लागते.

पकडणे

पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर किंवा गोरेवाड्याच्या राखीव जंगलात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका. परवानगीचा क्रमांक पुढे शोधनिबंधात छापावा लागतो, त्यामुळे ‘नंतर बघू’ चालत नाही. खासगी बागेत मालकाची संमती पुरते, पण शेवटची फवारणी कधी झाली ते त्याला नक्की विचारा. आठवड्याभरात फवारलेल्या बागेत रात्र घालवणे व्यर्थ आहे.

दिवसा जाळीने झुडपे झोडपा, किंवा फांदीखाली पांढरे कापड धरून काठीने दोन-तीन ठोके द्या. रात्री दोन मीटर लांबीची पांढरी चादर आणि अतिनील दिवा. अंधारी रात्र, वारा पडलेला, हवा दमट, अशा वेळी सूर्यास्तानंतरचे पहिले तीन तास सर्वांत चांगले. पावसाळा ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ आणि आंबिया बहाराची पालवी फुटते तो काळ वाया घालवू नका. एका ठिकाणाहून एकच किडा घेऊन परतणे ही सर्वांत महाग चूक आहे. नर आणि मादी मिळून निदान आठ-दहा हवेत, नाहीतर एखादे लक्षण त्या जातीचे आहे की त्या एकट्या किड्याचे, हे कधीच सांगता येणार नाही.

मारण्याआधी फोटो

क्रायसोपिडांचा हिरवा रंग मेल्यावर टिकत नाही. टाचणीवर तो पिवळा पडतो, अल्कोहोलमध्ये फिका होतो. म्हणून किडा जिवंत असतानाच काचेच्या नळीत घालून दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा आणि सुस्तावला की फोटो घ्या: चेहरा समोरून, डोके आणि छातीचा पहिला खंड वरून, पूर्ण किडा बाजूने. गालावरचा काळा किंवा लाल पट्टा, मिशीच्या पहिल्या खंडावरचा ठिपका, दोन मिशांमधली खूण, छातीच्या कडेचे डाग, मिशीचा रंग कुठे बदलतो, हे सगळे दिसायला हवे. कार्निया गटातले काही किडे थंडीत हिरव्याचे तपकिरी होतात आणि पुन्हा हिरवे होतात, तेव्हा फोटोवर तारीख असणे फार गरजेचे आहे. रंगाच्या अशा फरकावर नवी जाती उभी करू नका.

फोटो झाला की मधल्या जोडीतला एक पाय चिमट्याने काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा आणि नळी फ्रीजरमध्ये टाका. हे किडा मारण्याच्या इथाइल अॅसिटेटच्या बरणीआधी करायचे, कारण इथाइल अॅसिटेटने डीएनए खराब होतो. बरणीतही किडा तासन्‌तास ठेवू नका, रंग लवकर जातो आणि पंख ओले होऊन चिकटतात.

टाचणी एक नंबरची, छातीच्या मधल्या खंडातून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात येईल असे पंख पसरा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवडेही पुरत नाहीत आणि बुरशी धरते, म्हणून पसरणीची पाटी सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा. काही नमुने मुद्दाम अल्कोहोलमध्येच ठेवावेत, पोटाच्या तपासणीला ते सोयीचे जातात.

लेबल त्याच रात्री लिहा. देश, राज्य, जिल्हा, नेमके ठिकाण, दशांशातले अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पद्धत, पकडणाऱ्याचे नाव. नुसते ‘नागपूर’ लिहिलेले लेबल पुढच्या अभ्यासकाच्या काही कामाचे नाही. सीताबर्डी आणि पेंचची सीमा दोन्ही नागपूर जिल्ह्यातच येतात.

पोटाच्या टोकाची तपासणी

खरी ओळख इथे होते. चेहऱ्यावरच्या खुणा आणि पंख तुम्हाला प्रजातीच्या जवळ नेतात, जाती बहुतेक वेळा नराच्या जननांगांवरून ठरते.

वाळलेला नमुना असेल तर आधी ओल्या टिश्यूच्या बंद डबीत एक रात्र मऊ होऊ द्या. मग चौथ्या-पाचव्या खंडापाशी बारीक कात्रीने पोट कापा. अगदी टोकाशी कापलात तर मादीची स्पर्माथीका (शुक्राणू साठवणारी पिशवी) फाटण्याचा धोका असतो. कापलेला भाग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम. पाण्यात ते हळूहळू घालावे, हातमोजे आणि चष्मा घालून. नमुना कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या नळीत १० ते २० मिनिटे ठेवा आणि दर पाच मिनिटांनी पाहा. मांसल भाग पारदर्शक होऊन आतले तपकिरी अवयव दिसू लागले की ताबडतोब बाहेर काढा. ‘खोलीच्या तापमानाला रात्रभर’ ही पुस्तकी सूचना थंड देशांतली आहे. मे महिन्यात नागपुरात खोलीच चाळिशीला टेकते आणि सकाळी हातात नुसती काचेसारखी पिशवी उरते.

हे इतके सांगण्याला कारण आहे. क्रायसोपिडीमध्ये प्रजाती ठरवताना नरात गोनॅप्सिस नावाची लहानशी पट्टी आहे की नाही, टिग्नम नावाची कमान आहे की नाही, हे विचारले जाते. क्रायसोपर्लामध्ये टिग्नम असतो, गोनॅप्सिस नसतो. मॅलाडामध्ये गोनॅप्सिस असतो. ही पट्टी कधीकधी फारच फिकट असते. द्रावणात जास्त वेळ राहिली तर ती दिसेनाशी होते आणि तुम्ही लिहून मोकळे होता की ‘गोनॅप्सिस नाही’. मग वेगळी प्रजाती, मग नवी जाती, आणि सगळी इमारत पाच मिनिटांच्या हयगयीवर उभी. नुकताच कोशातून निघालेला नरही असाच फसवतो, कारण त्याचे अवयव अजून कडक झालेले नसतात. ‘नाही’ लिहिण्याआधी दुसरा, पूर्ण वाढलेला नर तपासाच.

बाहेर काढल्यावर पाण्याने धुवा, अॅसेटिक अॅसिडचे दोन थेंब घातलेल्या पाण्यातून काढा, पुन्हा धुवा. नंतर क्लोराझोल ब्लॅकचे ७० टक्के अल्कोहोलमधले एक टक्क्याचे द्रावण एक थेंब घालून काही सेकंद ठेवा. पातळ पडदे निळसर-काळे होतात आणि फिक्या पट्ट्या उठून दिसतात. जास्त वेळ ठेवलात तर सगळेच काळे होते आणि तो रंग सहजी निघत नाही.

मग खळगा असलेल्या काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवून तीन बाजूंनी पाहा आणि काढा: बाजूने, वरून, खालून. नरात आठवा आणि नववा खंड खालून जोडलेले आहेत का, त्या जोडखंडाच्या टोकाला ओठासारखा भाग आहे का, गोनार्कसची कमान किती रुंद, त्याच्या मध्यातून निघणाऱ्या आर्सेससचे टोक टोकदार की बोथट, त्यावर बारीक रेघा आहेत का. मादीत सबजेनिटालेचा (जननछिद्राखालच्या पट्टीचा) आकार, स्पर्माथीकेचा खळगा किती खोल, तिच्या वरच्या नळीची लांबी किती. आर्सेसस थोडा जरी कलला तरी त्याचा आकार वेगळा दिसतो, म्हणून प्रत्येक नमुन्याचे चित्र एकाच कोनातून काढले पाहिजे. ग्लिसरीनमध्ये कापसाचा एक धागा घालून नमुना त्याला टेकवला तर तो हलत नाही. प्रत्येक चित्राशेजारी मापपट्टी हवी.

काम झाले की हे अवयव ग्लिसरीनच्या चिमुकल्या नळीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला खाली लावा. सुटे ठेवलेले अवयव सहा महिन्यांनी कोणाचे होते ते कोणालाच सांगता येत नाही.

पंखातल्या शिरा

पुढचा आणि मागचा पंख पांढऱ्या पार्श्वभूमीवर सपाट ठेवून फोटो घ्या. लांबी पंखाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत, रुंदी सर्वांत रुंद जागी. आडव्या शिरांच्या आतल्या आणि बाहेरच्या पायऱ्या-रांगांत किती शिरा, त्यांतल्या काळ्या किती, हिरव्या किती. पंखाच्या मध्याजवळचे लहान मध्यकोष्ठ (शिरांनी वेढलेला कप्पा) त्रिकोणी आहे की लांबोळके, हे नीट पाहा. क्रायसोपर्लामध्ये ते आखूड आणि अरुंद असते. शिरांची संख्या एकाच किड्याच्या डाव्या आणि उजव्या पंखातही बदलते, म्हणून आकडा नेहमी ‘पाच ते सात’ असा पल्ल्यात द्या. एका शिरेच्या फरकावर जाती वेगळी करणे हा जुन्या कामांतला मोठा दोष आहे, तो आपण चालू ठेवू नये.

जुन्या नावांशी ताडून पाहणे

आतापर्यंत तुमच्याकडे न जुळणारा किडा आहे, इतकेच. आता तो कशाशी जुळत नाही याची यादी करायची.

पहिली यादी भारतापुरती ठेवू नका. किडे सीमा ओळखत नाहीत. पाकिस्तान, श्रीलंका, म्यानमार, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका इथून नोंदलेल्या त्या प्रजातीतल्या सगळ्या जाती घ्या. जगातल्या जाळीपंखी नावांची सूची ‘लेसविंग डिजिटल लायब्ररी’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येते, मूळ नाव, सध्याचे नाव आणि समानार्थी नावे यांसह.

दुसरे, प्रजातींची नावे हलत असतात. २०२१मध्ये स्यूडोमॅलाडा ही मोठी प्रजाती अपर्टोक्रायसामध्ये विलीन केली गेली. जुन्या निबंधांत याच किड्यांना डायकोक्रायसा, मॅलाडा किंवा नुसते क्रायसोपा म्हटलेले सापडेल. एकाच नावाने शोधलेत तर निम्म्या जाती निसटतात.

तिसरे आणि सर्वांत कष्टाचे म्हणजे मूळ वर्णने. लाँगिनोस नावास या स्पॅनिश जेझुइट अभ्यासकाने जगभरातल्या शेकडो जाळीपंखी जातींना नावे दिली, त्यांत भारतातल्याही आहेत. नेथन बँक्स, फ्रेझर, किमिन्स यांचीही नावे वारंवार भेटतील. बरीच जुनी वर्णने लॅटिन, फ्रेंच किंवा स्पॅनिशमधली, चार-सहा ओळींची, मुख्यतः रंगावर आधारलेली, जननांगांचा उल्लेखच नसलेली. अशा वर्णनाशी तुमचा किडा ‘जुळत नाही’ याला फारसा अर्थ नाही, आणि ‘जुळतो’ यालाही नाही. मूळ नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथे लिहून चेहरा, पंख आणि शक्य तर जननांगांचे फोटो मागवा. मिळायला महिने लागतात. हा टप्पा गाळलेले निबंध पुढे दुसऱ्या कोणाला तरी समानार्थी म्हणून निकालात काढावे लागतात, आणि तोवर ते नाव याद्यांमध्ये घोळ घालत राहते.

नुसत्या फोटोवरून काय होऊ शकते याचे चांगले उदाहरण म्हणजे मलेशियातली ‘सेमाक्रायसा जेड’. इंटरनेटवर टाकलेल्या छायाचित्रावरून ती वेगळी असल्याचा संशय आला. पण २०१२ साली नाव देण्याआधी त्याच जंगलातून प्रत्यक्ष किडा मिळवला गेला आणि लंडनच्या संग्रहातल्या जुन्या नमुन्याशी ताडला गेला. फोटो ही सुरुवात होती, पुरावा तो किडा होता.

अळी आणि डीएनए

जिवंत मादी मिळाली तर तिला मधाचे पाणी देऊन अंडी घ्या. अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी नळी. कोर्सायरा या पतंगाची अंडी हे त्यांचे प्रयोगशाळेतले नेहमीचे खाद्य, जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळांत ते मिळते. अळीच्या डोक्यावरची नक्षी आणि ती पाठीवर कचरा वाहते की नाही, ही लक्षणे प्रौढांइतकीच मोलाची आहेत. शिवाय एकाच मादीची पिल्ले असल्याने नर आणि मादी एकाच जातीचे आहेत याची खात्री होते.

डीएनए बारकोड म्हणजे सीओ-१ जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. तो जरूर करा, पण कार्निया गटात या तुकड्यावरून जवळच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा. शिवाय सार्वजनिक साठ्यातल्या भारतीय नोंदींत चुकीच्या नावाचे नमुने आहेत. शंभर टक्के जुळले म्हणून नाव उचलू नका, तो नमुना कोणी आणि कशावरून ओळखला ते पाहा.

वर्णन आणि नाव

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २०००पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवे असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, होलोटाइप म्हणून, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार म्हणून, एकच नमुना नेमून तो कोणत्या संस्थेत ठेवला ते सांगावे लागते, आणि वेगळेपण दाखवणारे वर्णन द्यावे लागते. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापणार असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी आणि तिचा उल्लेख निबंधातच हवा. तो राहिला तर नाव वैध धरले जात नाही.

होलोटाइप शक्यतो पूर्ण वाढलेला, दोन्ही मिशा शाबूत असलेला नर निवडा. बाकीचे पॅराटाइप. वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे निदान: तीन-चार वाक्यांत ही जाती तिच्या सर्वांत जवळच्या जातीपासून कशी ओळखायची. ‘फिकट हिरवी, नाजूक’ असले शब्द तिथे नकोत. ‘आर्सेससचे टोक दुभागलेले, जवळच्या जातीत एकसंध’ असे वाक्य हवे, आणि त्याच्यापुढे चित्राचा क्रमांक.

नाव रोमन लिपीतच लिहावे लागते, पण शब्द मराठी असायला संहितेची हरकत नाही. गावाच्या, नदीच्या, झाडाच्या नावावरून खुशाल ठेवा. क्रायसोपर्ला, अपर्टोक्रायसा ही स्त्रीलिंगी नामे आहेत, मायर्मेलिऑन ही अँटलायनची प्रजाती पुल्लिंगी, आणि लॅटिन विशेषण ठेवले तर त्याचे लिंग प्रजातीप्रमाणे बदलते. स्वतःचे नाव देऊ नका. ‘नागपुरेन्सिस’ ठेवायचा मोह झाला तर त्या प्रजातीत ते आधी वापरले आहे का ते तपासा. क्रायसोपाखाली पूर्वी वर्णिलेल्या आणि नंतर तुमच्या प्रजातीत आणलेल्या जातींची नावेही त्यात तपासावी लागतात.

जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९प्रमाणे नवी जाती सापडल्याचे ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. कीटकांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी एक संस्था आहे. तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे आणि नागपूरला जवळचे केंद्र जबलपूरला. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरातच असल्याने नियमांबद्दलची शंका तिथे जाऊन विचारता येते. तुलनेसाठी नमुना परदेशी पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा, पार्सल बांधल्यावर नाही. होलोटाइपला लाल लेबल लावा, त्यावर जातीचे नाव आणि ‘होलोटाइप’ हा शब्द लिहा, जननांगांची नळी टाचणीवर घट्ट बसली आहे का ते शेवटचे तपासा, आणि संस्थेने दिलेला नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच निबंध छपाईला पाठवा.